जिनिंगचा सीझन लागायच्या आधी सर्व्हरची तयारी: विंडोज घ्यायचं का लिनक्स

पांढरकवडा, वणी, घाटंजी, हिंगणघाट, आपल्या इकडं कापूस दिवाळीच्या मागंपुढं यायला लागते आणि मग मार्चपर्यंत वजनकाट्यावरची रांग काही तुटत नाही. म्हणून सर्व्हर नवीन घ्यायचा असेल किंवा जुना बदलायचा असेल तर मृग लागायच्या आत कोणती ऑपरेटिंग सिस्टिम ते ठरवून टाका आणि पोळ्यापर्यंत ती चालवून पाहा, सीझनमध्ये हात लावायचाच नाही. जिनिंगवाले, दाल मिलवाले, कृषी केंद्रवाले आणि मुख्य म्हणजे आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, जिथं पाच ते वीस कॉम्प्युटर आहेत आणि वेगळा आयटीचा माणूस नाही, त्यांच्यासाठी लिहून राहिलो. विंडोज चांगलं का लिनक्स चांगलं हा प्रश्न असा मोकळा विचारला तर त्याला उत्तर नाही, तुमचा काटा, तुमची विजेची लाइन आणि तुमच्याकडं धावून येणारा माणूस या तिघांना समोर ठेवून विचारला तर उत्तर बऱ्यापैकी पटकन निघते.

सगळ्यात आधी एक वही घ्या आणि ऑफिसात जे जे सॉफ्टवेअर चालते ते लिहून काढा, नाव, व्हर्जन, डेटा कुठं पडतो, एका वेळी किती जण वापरतात. काट्याचं सॉफ्टवेअर, अकाउंट, गाठींचा स्टॉक, मजुरांचा पगार, हजेरीचं मशीन, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, सगळं. जीएसटी आणि ई-वे बिल ब्राउझरात उघडतात, त्यांना तुमचा सर्व्हर कोणता याच्याशी घेणंदेणं नाही, ते वगळा. आता प्रत्येकाच्या पुढं लिहा की हे फक्त विंडोजवरच चालते का. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनलेलं आहे, काट्याची बरीचशी सॉफ्टवेअरं पण तशीच. पण इथं एक फरक नीट समजून घ्या कारण पैशाचा सगळा खेळ इथं आहे. टॅली जर प्रत्येकाच्या आपापल्या पीसीवर चालत असेल आणि सर्व्हरवर फक्त डेटाचा फोल्डर असेल, तर सर्व्हरचं काम फाइल शेअरिंगपुरतं आहे आणि ते लिनक्सवरचं सांबा नावाचं सॉफ्टवेअर फुकटात करते. उलट सगळेजण रिमोट डेस्कटॉपनं सर्व्हरवर शिरून तिथंच टॅली उघडत असतील तर विंडोज सर्व्हरच लागते, तिथं वाद नको. आणि सांबा ठरलं तरी तीन पीसीवरून एकाच वेळी व्हाउचर टाकून पाहिल्याशिवाय हो म्हणू नका.

विंडोजकडं कल असेल तर लायसन्सचा हिशेब कागदावर मांडा, कोटेशन आल्यावर नाही, मागायच्या आधी. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड कोअरवर (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांच्या संख्येवर) विकलं जाते, मशीनमध्ये आठच कोअर असले तरी कमीत कमी १६ कोअरचं लायसन्स घ्यावंच लागते, आणि त्याच्या वर जो जो सर्व्हर वापरणार त्याचं कॅल, म्हणजे वापरायचं लायसन्स, वेगळं. कॅल माणसागणिक पण मिळते आणि डिव्हाइसगणिक पण मिळते. काट्यावर पीसी एकच आणि पाळीपाळीनं बसणारे तिघं, तर तिथं डिव्हाइसचं एक कॅल घ्या, माणसांची तीन घेऊ नका. रिमोट डेस्कटॉपचं कॅल त्याहून आणखी वेगळं असते. ते नसलं तर अॅडमिनच्या कामापुरती एका वेळी दोनच सेशन, म्हणजे दोघांनाच शिरता येते. आणि हे मोठ्या अक्षरात लिहा: रिमोट डेस्कटॉपचा रोल (सर्व्हरवरची ती सोय) टाकल्यावर कॅल नसतानाही १२० दिवस सगळं छान चालते, मग नवीन सेशन घेणं बंद होते. जूनच्या शेवटी कोणी टाकून दिलं तर १२० दिवस बरोबर ऑक्टोबरच्या शेवटाला भरतात, म्हणजे गाड्या लागायच्या वेळेला. ट्रायल कॉपीचं पण तसंच, १८० दिवस चालते आणि नंतर सर्व्हर तासातासाला स्वतःच बंद व्हायला लागते. म्हणून बसवणाऱ्याला तोंडी नको, लेखी विचारा की ही कॉपी ट्रायल आहे का, कॅल लावले का. छोट्या ऑफिसला विंडोज सर्व्हर २०२२ चं एसेन्शियल्स (छोटी आवृत्ती) पण पाहून घ्या, २५ माणसं आणि ५० डिव्हाइसपर्यंत वेगळं कॅल लागत नाही, पण ते सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीकडून मशीनसोबतच घ्यावं लागते आणि एकाच प्रोसेसरवर, १० कोअरपर्यंतच चालते. पेन ड्राइव्हमधून क्रॅक टाकून देतो म्हणणाऱ्याला गेटावरूनच परत पाठवा, शेतकऱ्यांच्या पैशाचा हिशेब असल्या कॉपीवर ठेवायचा नसते.

सपोर्ट (कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट) कधी संपते त्या तारखा सर्व्हरच्या खोलीत भिंतीला चिकटवा. विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. २०१६ चा १२ जानेवारी २०२७ ला संपतो, म्हणजे ऐन सीझनच्या मधात, ते ज्यांच्याकडं आहे त्यांनी त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातच बदलायला पाहिजे. २०१९ चा जानेवारी २०२९, २०२२ चा ऑक्टोबर २०३१, आणि २०२५ चा २०३४ पर्यंत. लिनक्स वेगवेगळ्या नावांनी मिळते, त्यात उबंटू २४.०४ ला साधा सपोर्ट २०२९ पर्यंत आहे आणि पाच मशीनपर्यंत उबंटू प्रो फुकट मिळते, त्यानं मुदत आणखी वाढते. डेबियनला साधारण तीन वर्षं पूर्ण आणि पुढं दोन वर्षं एलटीएस (लांबवलेला सपोर्ट). रेड हॅट पैसे घेते पण १० वर्षं पाठीशी उभं राहते, अल्मा आणि रॉकी त्याच्याच धर्तीवर फुकट आहेत, त्यांचं ९ व्हर्जन २०३२ पर्यंत. सेंटओएस या रेड हॅटच्याच धर्तीवरच्या फुकट लिनक्सचं काय झालं ते इथं लक्षात ठेवा: सेंटओएस ८ हे २०२९ पर्यंत चालेल असं धरून लोकांनी टाकलं होतं आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ च्या शेवटीच बंद, सेंटओएस ७ पण ३० जून २०२४ ला गेलं. तर फुकट आहे एवढ्यावर भाळू नका, मागं कोण उभं आहे आणि किती वर्षं, ते पाहा. जुना सर्व्हर स्वस्तात आणणार असाल तर त्याच्यात आधीपासून टाकलेलं २०१२ आर२ किंवा सेंटओएस ७ तसंच चालू ठेवायचं नाही, डिस्क कोरी करूनच कामाला लावायची.

आता मराठीची चाचणी, ही बहुतेक जण सोडूनच देतात आणि मग पावतीवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं छापून येतात. सॉफ्टवेअरचा डेटा एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये असेल आणि नावाचा कॉलम नुसता व्हारचार प्रकारचा ठेवलेला असेल तर देवनागरीचं ????? होते, तो एनव्हारचार पाहिजे. डेटाबेस मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर अक्षरं साठवायची पद्धत यूटीएफ८एमबी४ पाहिजे. वर विंडोज आहे का लिनक्स यानं हे सुधारत नाही, पण सर्व्हर बदलताना डेटा इकडून तिकडं नेला की नेमकं इथंच बिघडते. म्हणून चाचणीला रमेश, सुरेश घेऊ नका, कुऱ्हाडे, ज्ञानेश्वर, तऱ्हाळे, श्रीकृष्ण अशी नावं टाका, गावांची नावं टाका, सेव्ह करा, बंद करून परत उघडा आणि डॉट मॅट्रिक्सवर छापून पाहा, स्क्रीनवर बरोबर दिसलं एवढ्यावर सोडू नका. जुना डेटा कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टात असेल तर तो युनिकोडमध्ये आणायचं काम वेगळं धरा, त्याला वेळ लागते. आणि फुकटातलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस असेल तर डेटाबेस किती मोठा झाला तेही बघून घ्या, २०२२ पर्यंतच्या व्हर्जनला १० जीबीची मर्यादा आहे, ती भरली की नवीन पावती पडत नाही.

लाइनचं तुम्हाला मी काय सांगू. विंडोजचं एनटीएफएस काय आणि लिनक्सचं एक्स्ट४ काय, डिस्कवर फाइल ठेवायच्या या दोन्ही पद्धती जर्नल (बदलांची नोंद) ठेवतात त्यामुळं अचानक बंद पडल्यावर फाइल सिस्टिम सहसा सावरून घेते, पण डेटाबेस अर्धवट लिहिता लिहिता लाइन गेली तर त्याची खात्री कोणतीच ऑपरेटिंग सिस्टिम देत नाही. यूपीएस पाहिजेच आणि तो यूएसबीच्या वायरनं सर्व्हरला जोडलेला पाहिजे, म्हणजे बॅटरी उतरायला लागली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल. लिनक्सवर हे काम नट नावाचं सॉफ्टवेअर करते, विंडोजवर यूपीएस कंपनीचं येते, कोणतंही असो, घ्यायच्या आधी तुमचा यूपीएस त्या यादीत आहे का पाहा. मग कोणी काम करत नसताना खरोखर मेन बंद करून बसा आणि बघा, किती मिनिटांनी बंद झालं, लाइन आल्यावर आपोआप चालू झालं का, डेटाबेस उघडला का, काट्याचा पीसी परत जोडला गेला का. मे महिन्यात दुपारी ही चाचणी करा, आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते तेव्हा यूपीएसची बॅटरी आणि डिस्क दोन्हीची खरी परीक्षा होते. जिनिंगमध्ये रुईचे तंतू पंख्यात जाऊन बसतात, म्हणून सर्व्हर काट्याच्या खोलीत ठेवू नका, ऑफिसात आतल्या बाजूला ठेवा.

नेटचं थोडक्यात सांगतो. विंडोजचे अपडेट महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारी रात्री आपल्याकडं पोचतात, शेकडो एमबीचे असतात आणि बहुतेक वेळा रीस्टार्ट मागतात. लिनक्सचे बारीक बारीक येतात आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) सोडला तर बरेचसे रीस्टार्टशिवाय होतात. मोबाइलच्या नेटवर सर्व्हर चालत असेल तर हा फरक जाणवते. पण अपडेट बंद करून ठेवायचे नाहीत, कोणत्याच बाजूला नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून पैसे मागणारा व्हायरस, पसरलं तेव्हा त्याच्यावरचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमध्येच आलेला होता, ज्यांनी टाकला नाही ते अडकले. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट (नेटवरून आत यायचं दार) राउटरवरून बाहेर उघडा ठेवू नका, बाहेरून शिरायचं असेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन (नेटवरचा बंदिस्त रस्ता) लावा. पासवर्ड नसलेले शेअर पण आताच बंद करा, विंडोज ११ प्रोच्या २४एच२ व्हर्जनपासून ते तसेही सरळ उघडत नाहीत आणि मग सर्व्हर बिघडला असं वाटते.

शेतकरी उत्पादक कंपनीवाल्यांनी एक गोष्ट जास्तीची बघायची, काहून की तुम्ही कंपनी कायद्याखाली नोंदलेले आहात. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या अकाउंटच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल असलाच पाहिजे, कोणती एंट्री केव्हा बदलली ते दिसलं पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये. हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं सांभाळायची आहेत आणि कॉम्प्युटरवरच्या हिशेबाचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवायचा आहे. भागीदारीतल्या जिनिंगला हा नियम लागू नाही, तरी बॅकअपचं वळण हेच ठेवा. म्हणजे दोन्हीकडं विचारायचा प्रश्न एकच, रोज रात्री बॅकअप आपोआप होते का आणि झाला नाही तर कोणाच्या मोबाइलवर निरोप जाते. एक प्रत ऑफिसात, एक काढून ठेवता येणाऱ्या डिस्कवर, एक गावाबाहेर. रेड वनच्या, म्हणजे एकाच वेळी तेच लिहून घेणाऱ्या, दोन डिस्क म्हणजे बॅकअप नाही, रॅन्समवेअरनं एकीवरचं बिघडवलं की त्याच क्षणी दुसरीवरचं पण बिघडते.

आणि आता माणूस. मला विचाराल तर तुलनेत सगळ्यात जास्त वजन यालाच द्या. डिसेंबरात रात्री आठ वाजता काट्यावर पंचवीस गाड्या उभ्या आहेत, बैल सोडलेले आहेत, आणि पावती पडत नाही, तेव्हा फोन कोणाला लावणार त्याचं नाव वहीत लिहा, त्याच्या पुढं दुसऱ्याचं पण लिहा, कारण पहिला लग्नाला गेला असेल. तालुक्याला विंडोज सुधारणारे दोन-चार तरी भेटतात, लिनक्सचा माणूस बहुतेक नागपूर-अमरावतीचा असते आणि फोनवरून काम करते. यात वाईट काही नाही, लिनक्सचं बरंचसं काम लांबून नीट होते, फक्त त्या वेळी नेट चालू पाहिजे, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलेलं डोंगल तयार ठेवा. आपल्या गावातला आयटीआय किंवा बीसीए झालेला एखादा पोरगा, पोरगी हाताशी धरा, त्याला त्या कामाचे पैसे द्या, चाचणीच्या आठवड्यात सोबत बसवा. असा माणूस असेल तर डेबियन किंवा उबंटू बिनधास्त घ्या, वाचलेला लायसन्सचा पैसा चांगल्या यूपीएसवर आणि ईसीसी रॅमवर (चुका स्वतः सुधारणाऱ्या मेमरीवर) घाला. असा माणूस नसेल आणि सगळं टॅली आणि रिमोट डेस्कटॉपवर असेल तर विंडोज सर्व्हर पूर्ण लायसन्ससकट घ्या आणि मनात किंतू ठेवू नका.

अजून मन होत नसेल तर जुने दोन पीसी बाहेर काढा, एकावर विंडोज सर्व्हरची ट्रायल, एकावर उबंटू, दोन्हीवर मागच्या सीझनच्या एका दिवसाचा खरा डेटा टाका आणि त्याच ऑफिसातल्या माणसांना त्याच्यावर आठवडाभर पावत्या पाडायला लावा. शेवटच्या दिवशी बॅकअपवरून सगळं नव्यानं उभं करा आणि घड्याळ लावून बघा किती वेळ लागते. ज्याच्यावर तुमच्याच माणसाला ते न विचारता जमलं ते घ्या.

ठरलं की अॅडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात एक प्रत अध्यक्षाकडं आणि एक मॅनेजरकडं द्या, बसवणाऱ्याजवळच राहू देऊ नका. लायसन्सची बिलं कंपनीच्या नावावर आणि ईमेल पण कंपनीचाच, कोणाचा घरचा नको. सर्व्हरचं घड्याळ एनआयसीच्या (सरकारी आयटी संस्थेच्या) टाइम सर्व्हरला जोडा, नाहीतर पावतीवरची वेळ आणि कॅमेऱ्यातली वेळ जुळत नाही आणि वजनावरून वाद झाला की पंचाईत होते. जुना सर्व्हर लगेच भंगारात देऊ नका, या वर्षाचं ऑडिट होईपर्यंत झाकून ठेवा, आणि देताना त्याच्या डिस्क काढून घेऊन मगच द्या, त्याच्यात शेतकऱ्यांचे बँक खाते नंबर आहेत.