कोटेशन दिलं की "कळवतो", पुढे काहीच नाही: शेवटी काय लागू पडलं

लक्षण: नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव, दिंडोरीकडच्या द्राक्ष निर्यातदारांना पुठ्ठ्याच्या खोक्यांचं कोटेशन दिलं की "कळवतो", मग शांतता. दर उतरवला, मशिनचे फोटो जोडले, दर आठवड्याला फोन केले. दोन हंगाम हात हलवत परत यावं लागलं.

आपण दर बोलत राहतो, निर्यातदाराचा जीव मात्र कंटेनरमध्ये अडकलेला असतो. शून्य अंशाच्या आसपास, ९० टक्क्यांवर आर्द्रतेत माल कित्येक दिवस समुद्रावर असतो. पुठ्ठा ओलावा ओढतो, ताकद निम्म्यावर येते, पॅलेटवर (खोकी रचायच्या लाकडी फळीवर) तळाचा थर दबून बसतो आणि मणी फुटतात.

लागू पडलेला क्रम असा. नोव्हेंबरात जा, जानेवारीनंतर पॅकहाऊसवर (द्राक्षं खोक्यांत भरतात तिथे) कुणाला मान वर करायला वेळ नसतो. कोटेशन नेऊच नका. आधी विचारा, "दादा, गेल्या वर्षी खोकी कुठे दबून बसली?" जुनं खोकं असेल तर कोपरे दाबून बघा, भार कोपरेच पेलतात. मग परदेशी खरेदीदाराच्या पॅकिंगच्या अटींचा कागद मागून घ्या. त्यांच्याच मापाचे १० नमुने करा. कोल्ड स्टोरेज सुरू झालं की प्रत्येकात ५ किलो वजन भरून, कोपऱ्यावर कोपरा येईल असे रचा आणि वर पॅलेटवरच्या उरलेल्या थरांइतकं वजन ठेवा. ७२ तासांनी तळाच्या खोक्याची उंची त्यांच्यासमोरच पुन्हा मोजा. खोकं थंड असतानाच मोजायचं. बाहेर सुकलं की आकडा फसवतो.

कोटेशनच्या पहिल्या पानावर ही मापं, दुसऱ्यावर गाडी कधी आणि किती खोकी. दर शेवटच्या पानावर. तो उतरवावा लागला नाही.