तारण गेलं की काय, असं वाटेल तेव्हा

शाळेत असताना दर कन्व्हेन्शनला, म्हणजे मंडळीच्या मोठ्या मेळाव्याला, मी पुढे जाऊन गुडघे टेकायचे. सात-आठ वेळा तरी ‘तारण’ (पापातून सुटका) झालं असेल माझं! आता संडे स्कूलच्या मोठ्या मुली तारण गेलं की काय, ही तीच भीती घेऊन येतात, तेव्हा मी असं करते.

आधी रुपयाचं नाणं मुठीत धरते, वरून दुसरा हात आवळते. म्हणते, काढ बघू. चांगली झटापट होते. मग योहान 10:28-29 उघडून तिलाच मोठ्यानं वाचू द्यायचं आणि ‘हात’ शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारायला लावायची: एक पुत्राचा, एक पित्याचा. मूठ नाण्यानं धरलेली नसते, हे बहुतेकींना तिथेच कळतं.

पुढे रोमकरांस 8:38-39: देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीच वेगळं करू शकत नाही. सावकाश वाचा.

इब्री 6:4-6 (विश्वासातून पडलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं म्हणणारी वचनं) मात्र टाळू नका, नाहीतर ती घरी एकटीच वाचून रडेल. यावर मंडळ्यांचं एकमत नाही, हे सरळ सांगा. नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या 1618-19 च्या चर्चसभेनं देव आपल्या लोकांना शेवटपर्यंत राखतो असं ठरवलं. मेथडिस्ट परंपरा म्हणते, विश्वास सोडून माणूस पडू शकतो. मी डॉर्टवाली.

‘मग हवं ते पाप करायचं का?’ एखादी आगाऊ पोरगी विचारतेच. तिला लूक 22 मधला येशूचा शिष्य पेत्र दाखवा. त्यानं येशूला तीनदा नाकारलं, बाहेर जाऊन ढसाढसा रडला. आणि त्याच अध्यायात, 32व्या वचनात, येशूनं त्याच्यासाठी आधीच प्रार्थना करून ठेवलेली. मी तिथे नुसतं बोट ठेवते, बोलत नाही.