जुनी गाडी सेल्फ घेत नाही? आधी ऐका, मग खर्च करा

पुण्यात जुलैची झड लागली की सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी तरी जुनी गाडी सकाळी रुसतेच. लगेच नवी बॅटरी आणायला धावू नका. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक वर, किल्ली फिरवा आणि ऐका.

भराभर 'टकटकटक' वाजलं तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकच दणकट 'टक' आणि पुढे शांतता, तर सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा चुंबकी स्विच) ओढतंय, पण सेल्फची, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी, मोटर फिरत नाही. काहीच आवाज नाही? फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच बघा. सेल्फ जोमात फिरतोय आणि इंजिन तरी पकडत नाही, तर स्पार्क-पेट्रोलची भानगड. तो विषयच वेगळा.

आता मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत साधा मिळतो, तेवढा पुरे. डीसी 20 वर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. 12 दाखवली तर आधी चार्ज करा. चार्ज झाल्यावर कुणाला तरी सेल्फ मारायला लावा. आकडा 9.6 च्या खाली कोसळला तर बॅटरी संपली समजा.

बॅटरी ठीक, तरी सेल्फ रडतखडत फिरतोय? इथेच बहुतेक जण फसतात. मीही फसलो, नवी बॅटरी टाकूनही गाडी तशीच. मीटरची एक पिन निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा आणि सेल्फ मारा. 0.3 व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी-इंजिनपर्यंतची जोडणी, खराब. माझ्याकडे 1.4 आलं! अर्थिंगची पट्टी वरून धडधाकट, बोल्टखाली मात्र नुसता गंज. पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू चकचकीत केल्या, बोल्ट आवळला, काम झालं.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, वर पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी; नाहीतर पाना बॉडीला टेकून ठिणगी उडालीच.

एवढं करूनही नुसता 'टक'? सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्यानं हलकेच ठोका. फिरला, तर आतले कार्बन (मोटरला वीज पोचवणारे ब्रश) झिजलेत. नाना पेठेत नवे घ्यायला जाताना जुने खिशात घेऊन जा. नुसतं मॉडेल सांगून आणलेले बसतीलच असं नाही.