गावचं जेवण न सोडता शुगर सांभाळायची, तर मोबाइल कसा वापरावा

डाएटच्या छापील कागदावर ओट्स, ब्राउन ब्रेड आणि पनीर लिहिलेलं असलं की देवगडच्या घरात तो कागद फ्रिजवर चिकटतो आणि ताटात भात नि बांगड्याचं तिखलंच येतं. यात त्या माणसाचा दोष नाही. सत्तरीतल्या आईला जन्मभराचं जेवण सोडायला सांगू नये, आणि तशी गरजही नसते. आई गावी, मुलगी मुंबईत, हे तर कोकणात घरोघरी आहे. दोघींच्या हातात मोबाइल आहे, त्याचाच उपयोग करून घेऊ.

१. अ‍ॅपच्या आधी घरचं माप

जेवण नोंदवायच्या अ‍ॅपमधली ‘एक वाटी’ आणि आईची वाटी सारखी नसते. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तिची रोजची वाटी भात भरून वजनकाट्यावर ठेवा. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे ज्यांची रक्तात साखर होते ते घटक. नाचणीची भाकरी ४० ग्रॅम पिठाची असेल तर तिच्यातही जवळपास २७ ग्रॅम भरतात. नाचणीत तंतू जास्त, म्हणून ती बरी हे खरंच. पण ‘नाचणीच आहे, आणखी एक घे’ असं करू नका.

२. घरच्या पदार्थांची यादी

पोळी, डाळ, इडली बहुतेक अ‍ॅपांत मिळते. घावन, आंबोळी, कुळथाची पिठी मिळेलच असं नाही. स्वतःचा पदार्थ नोंदवायची सोय असेल तर आईला विचारून साहित्य मापासकट भरा. कच्च्या धान्य-कडधान्यांचे आकडे हवे असतील तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेले अन्नघटकांचे तक्ते विश्वासाचे आहेत.

यादी करताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. उकडा तांदूळ सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा सहसा बरा, पण पेज जितकी मऊ शिजेल तितकी साखर लवकर चढते. कुळथाची पिठी पातळ असते, त्यामुळे तिच्यातून प्रथिनं फार मिळत नाहीत. सोबत मासा, अंडं किंवा वालाची उसळ हवी. कोकम आगळात साखर नसते, मीठ असतं. अमृत कोकम मात्र साखरेचा पाकच. सुकट-बोंबलात मीठ भरपूर, रक्तदाब असेल तर रोज नको.

३. टाइप करायला लावू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त दोघींचा ग्रुप करा. पहिला घास घेण्याआधी वरून ताटाचा एक फोटो आणि सोबत आवाजी संदेश: ‘दोन डाव भात, एक बांगडा, टाकळ्याची भाजी.’ नंतर भात वाढून घेतला तर तेही सांगायचं. रेंज नसेल तर फोटो काढून ठेवायचा, संध्याकाळी पाठवायचा. आणि फोटो बघून ओरडू नका. एकदा ओरडा बसला की दुसऱ्या दिवसापासून फक्त भाजीचेच फोटो येतात.

४. ताट आणि रीडिंग एकत्र वाचा

ग्लुकोमीटर नुसत्या उपाशीपोटीच्या आकड्यासाठी नाही. आठवड्यातून दोनेक जेवणं निवडा; जेवणाआधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी तपासा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८०च्या आत ही सर्वसाधारण मर्यादा आहे. वयस्कर माणसांत ती सैल ठेवतात, म्हणून एकदा विचारून घ्या.

आपल्याकडच्या दोन अडचणी. पावसाळ्यातल्या दमट हवेने स्ट्रिप्स खराब होतात, म्हणून पट्टी काढताक्षणी डबीचं झाकण घट्ट लावायचं. आणि आंबा-फणस हाताळलेल्या बोटावर रस राहिला तर मशीन खोटा मोठा आकडा दाखवतं. हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच टोचायचं.

५. एका वेळी एकच बदल

तीन डाव भाताचे दोन करा आणि आधी भाजी-मासा, मग भात, एवढंच सांगा. हा क्रम पाळल्याने जेवणानंतरची साखर कमी चढते. जेवून दहा-पंधरा मिनिटं खळ्यात फेऱ्या. फरक रीडिंगमध्ये दिसला की तोच आकडा आईला आवाजात पाठवा. डॉक्टरच्या उपदेशापेक्षा तो तिला जास्त पटतो, असं मला मनापासून वाटतं.

६. आंबा, फणस, गणपती

हापूस बंद करू नका, त्याची जागा ठरवा. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं. दोन फोडी खायच्या तर भात तेवढा कमी, आणि आमरस नको. पिकलेले गरे त्याहून गोड. कोवळ्या फणसाची भाजी चालेल, आठळ्या मात्र भातात धरायच्या. गणपतीत मोदकाच्या दिवशी भात अर्ध्यावर आणा. गूळ साखरेपेक्षा सुरक्षित, हा समज सोडा.

उपासाचा दिवस सर्वांत नाजूक. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशी राहिलं की साखर ७०च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, गोंधळल्यासारखं. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

‘मधुमेह मुळापासून बरा’ असे फॉरवर्ड आले तर त्यांच्या भरवशावर गोळी थांबवायची नाही, हे आईला आधीच सांगून ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शहाळं आणि मासे किती, तेही डॉक्टरच ठरवतील.

एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, साधारण तीन महिन्यांनी करतात. त्या भेटीआधी फोनमधले सात-आठ ताटांचे फोटो आणि त्यांची रीडिंग्ज एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. तालुक्याला जाणं जमत नसेल तर सरकारची मोफत ई-संजीवनी सेवा फोनवर आहे, किंवा जवळच्या आरोग्य उपकेंद्रात विचारा. प्रश्न मात्र नेमका हवा: ‘दोन डाव भातावर आकडा २१० येतो, भात कमी करू की गोळीची वेळ बदलू?’