अंधारबन एका दिवसात: कुंडलिकेच्या दरीकाठची वाट कशी आखावी

अंधारबनची वाट जवळजवळ सगळी उताराची आहे आणि तिची खरी अडचणही तीच आहे. मुळशी तालुक्यातल्या पिंपरीहून निघायचं, कुंडलिकेच्या दरीच्या कडेकडेने हिर्डी गाठायचं आणि तिथून खाली रायगड जिल्ह्यात भिऱ्याला उतरायचं. अंतर साधारण १३ किलोमीटर, उतार पाचशे मीटरहून जास्त. चढ नाही म्हणून लोक बिनधास्त निघतात. पण इथे मागे फिरायचं म्हटलं की तोच उतार चढ होऊन समोर येतो, आणि जितके पुढे गेलात तितका तो मोठा. त्यामुळे घरून निघण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: कुठल्या ठिकाणाहून, किती वाजता परत फिरायचं, आणि भिऱ्याला गाडी कोण आणणार.

आधी ऋतूचं. जुलै-ऑगस्टमध्ये इथे जाऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. ही वाट ज्या ताम्हिणी घाटाच्या परिसरात आहे, तो देशातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांपैकी एक. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत तिथे ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाटेत दोन मोठे ओढे ओलांडावे लागतात आणि दोन्ही पुढे दरीत कोसळतात. अशा पावसात सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी कमरेला लागू शकतं. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबर हा उत्तम काळ. ऑक्टोबरअखेर ओढे वाहते असतात, दरी स्वच्छ दिसते, रान अजून हिरवं असतं. डिसेंबरात धबधबे बारीक होतात, पण चालायला हवा सर्वात छान तेव्हाच. मार्चनंतर उघड्या माळावर ऊन भाजून काढतं आणि पाण्याचा भरवसा राहत नाही.

हा सगळा भाग ताम्हिणी अभयारण्याच्या परिसरातला. वनविभागाची परवानगी आणि प्रवेशशुल्काचे नियम बदलत असतात, शिवाय पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात. निघण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही तपासा. बंदी असेल तर बेत रद्द. आडवाटेने शिरायच्या भानगडीत पडू नका.

आता गाडीचं, कारण निम्मे बेत इथेच फसतात. पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी करत निवे गाठायचं आणि तिथून लोणावळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने पिंपरी. दोन तास धरा. स्वतःची गाडी पिंपरीत लावून भिऱ्याला उतरलात, तर पाटणूस-विळेमार्गे पुन्हा ताम्हिणी चढून गाडीपर्यंत यायला वाहन हवंच, आणि संध्याकाळी ते ऐनवेळी मिळत नाही. ड्रायव्हर असलेली गाडी केली तर त्याला भिऱ्याची जागा आणि वेळ पिंपरीत उतरतानाच नीट सांगा. वाटेत बहुतेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, तेव्हा ‘पोचलो की फोन करतो’ हा ठराव चालत नाही. पाच वाजता अमुक ठिकाणी थांबा, सात वाजेपर्यंत आलो नाही तर ११२ ला फोन करा, एवढं कागदावर लिहून द्या. वाहनाची सोय होत नसेल तर दुसऱ्या ओढ्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने पिंपरीला परत या. दरीची सगळ्यात देखणी दृश्यं तोवर पाहून झालेली असतात, त्यामुळे यात फार काही हुकत नाही.

वेळेचा हिशोब ताशी दोन ते अडीच किलोमीटरने करा. सपाट रस्त्यावरची ताशी पाचची चाल इथे लागू पडत नाही. नोव्हेंबरातला नमुना असा: पहाटे पाचला पुणे सोडायचं, साडेसातला पिंपरीच्या तलावाच्या बंधाऱ्यावरून चालायला सुरुवात, साडेदहाच्या आत दुसरा ओढा पार, बाराला हिर्डी, जेवून एकला निघायचं आणि चारच्या सुमारास भिरा. सूर्य सहाला मावळतो, पण झाडीत अर्धा तास आधीच दिसेनासं होतं. दुसऱ्या ओढ्यावरच साडेअकरा वाजले तर तिथूनच परत फिरा. हा आकडा आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे ओढ्यावर वाद होत नाही. आठ-दहा जणांपेक्षा मोठा गट नको. एका ओढ्यावर माणशी दोन मिनिटं धरली तरी तीस जणांना एक तास लागतो, आणि ओढे दोन आहेत.

ओढा ओलांडणं हे या वाटेवरचं सगळ्यात जोखमीचं काम. काठावर पोहोचलात की पाण्याच्या अगदी रेषेवर एक ओळखू येईल असा दगड ठेवा आणि दहा मिनिटं बसा, पाणी प्या. दगड बुडू लागला, पाणी गढूळ झालं किंवा पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, तर वर कुठेतरी पाऊस झालाय. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरीही. मग ओलांडायचं नाही. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तरीही नाही. ओलांडायची जागा पात्र रुंद आणि पाणी उथळ असेल तिथे निवडा. धबधब्याच्या तोंडाजवळ कधीच नको, तिथला कातळ शेवाळाने साबणासारखा झालेला असतो. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर पिशवी टाकून देता येते. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, हातातली काठी पुढे रोवलेली, आणि एका वेळी एकच पाऊल. बूट काढू नका. दोर कमरेला बांधून उतरण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती घातक आहे: माणूस पडला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो.

पिंपरीहून जाताना दरी डाव्या हाताला राहते. सुरुवातीचं रान इतकं दाट आहे की भर दुपारीही उजेड कमीच. नावच त्यावरून पडलेलं. झाडीतून अधूनमधून वाट कड्याच्या काठावर येते आणि कुंडलिकेचं पूर्ण खोरं एकदम उघडं पडतं. फोटोसाठी सगळे पुढे सरकतात ते इथेच. काठावरचं गवत दरीच्या बाजूला झुकलेलं असतं आणि त्याच्या शेवटच्या हातभर भागाखाली पुष्कळदा जमीनच नसते, नुसती मुळांनी धरलेली माती असते. काठापासून दोन मीटर मागे थांबा आणि पुढे बघायचंच असेल तर उघड्या कातळावरूनच. डिसेंबरनंतर उतारावर घसारा होतो. बारीक मुरमावर टाच आधी टेकवून छोटी पावलं टाका.

वाट चुकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ढोरवाटा. हिर्डीच्या आसपासच्या माळावर गुरांच्या अनेक वाटा फुटतात, आणि त्या मळलेल्याही असतात. ढोरवाट फांद्यांखालून जाते, जिथे गाय जाईल पण उभा माणूस जाणार नाही. सारखं वाकावं लागायला लागलं की थांबा आणि शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. पहिल्यांदाच जात असाल तर पिंपरीतून वाटाड्या घ्या.

आग्या मोहोळं कड्यांना लटकलेली असतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा, ड्रोन हे सगळं टाळा. माश्या उठल्याच तर हात न झटकता चेहरा आणि मान कपड्याने झाका आणि दाट झाडीत शिरून लांब जा. दरीच्या दिशेने धावू नका. आधाराला फांदी धरण्याआधी ती एकदा बघून घ्या; हिरवा चापडा हा विषारी साप तशाच हिरव्या पानांत निवांत बसलेला असतो.

पिशवीत माणशी तीन लिटर पाणी. ओढ्याचं पाणी भरलंत तर क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा, वरच्या बाजूला गुरं असतात. दशम्या, कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, ओआरएसच्या दोन पुड्या. हिर्डीत जेवण मिळेल असं गृहीत धरू नका. हेडटॉर्च प्रत्येकाकडे स्वतंत्र हवा, मोबाईलचा टॉर्च त्यात धरायचा नाही. शिट्टी, क्रेप बँडेज, रोजची औषधं. आणि दोन मीटर नायलॉनची दोरी: वर्षभर कपाटात पडलेल्या बुटाचा सोल ओल्या वाटेवर हमखास सुटतो आणि मग तो बांधूनच पुढे चालावं लागतं. निघण्याआधी आठवडाभर तेच बूट घालून फिरलात तर ही वेळ येणार नाही. पायाची नखंही आदल्या दिवशी कापा; अडीच-तीन तासांच्या उतारात ती बुटाच्या टोकावर आदळून काळी पडतात.

हिर्डी ते भिरा हा शेवटचा उतार सगळ्यात तीव्र आहे आणि तो थकलेल्या पायांच्या वाट्याला येतो. निघण्याआधी बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट आवळा, गुडघे किंचित वाकवून चाला, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं बसा. घाई करणारा माणूस पुढे न ठेवता मधे ठेवा आणि सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला पुढे घाला. कोणाचा पाय मुरगळला तर बूट काढू नका, सूज आल्यावर तो परत चढत नाही. वरूनच क्रेप बँडेज बांधा. गंभीर असेल तर १०८, ११२ आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर. तिन्ही नंबर आधीच फोनमध्ये घालून ठेवा.

खाली पोहोचल्यावर नदी बघून पाण्यात उतरायचा मोह सगळ्यांना होतो. भिऱ्याच्या टाटांच्या वीजघरात १९२७ पासून मुळशी धरणाचं पाणी वरून येतं, वीज तयार झाली की ते कुंडलिकेत सोडलं जातं. कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. त्यामुळे पाऊस नसतानाही पात्रातलं पाणी अचानक वाढू शकतं. हातपाय धुवायचे ते गावातल्या नळावर.