वरंध्याने उतरावे, आंबेनळीने चढावे: सह्याद्रीतील एकट्याची एक दिवसाची मोटारफेरी

पुण्याहून भोर, वरंधा घाटाने महाड, तेथून पोलादपूर, आंबेनळी घाटाने महाबळेश्वर आणि पाचगणी-वाईमार्गे परत पुणे, अशी साधारण तीनशे किलोमीटरची फेरी एकट्याने, एका दिवसात आणि धावपळ न करता पूर्ण करता येते. त्यासाठी एक गोष्ट मात्र आधीच मनाशी पक्की करावी लागते. शेजारी कोणी बसलेले असले की ते दरीकडे पाहतात, फोटो काढतात, वळणापलीकडची एसटी आधी दिसली तर सांगतात आणि चालकाला झोप येऊ नये म्हणून बोलतही राहतात. एकट्या चालकाला ही सगळी कामे स्वतःच करायची असतात, आणि त्यांपैकी दरीकडे पाहण्याचे काम गाडी चालू असताना करायचेच नसते. म्हणून या फेरीची आखणी थांब्यांपासून सुरू करावी. कोठे उतरून पाहायचे हे घरीच ठरवावे आणि दोन थांब्यांमधला घाट केवळ रस्ता म्हणून चालवावा.

फेरीची दिशाही विचारपूर्वक निवडावी. सकाळी भोरहून पश्चिमेकडे जाताना आणि दुपारनंतर पोलादपूरहून पूर्वेकडे चढताना, दोन्ही वेळा ऊन पाठीशी राहते. उलट फेरी केली तर सकाळी महाबळेश्वरच्या दिशेने आणि संध्याकाळी वरंध्यातून भोरकडे येताना काही तिरप्या वळणांचा अपवाद सोडल्यास फार त्रास होणार नाही असे नकाशा पाहून वाटते; परंतु तसे केल्यास वरंध्याचा अरुंद आणि निर्जन रस्ता दिवसाच्या शेवटी, थकलेल्या अवस्थेत आणि कदाचित अंधारात वाट्याला येतो. ताजेतवाने असताना उतार आणि जेवणानंतर चढ हा क्रम गाडीच्या ब्रेकसाठीही बरा असतो. शिवाय सह्याद्रीचे कडे पश्चिमेकडे तोंड करून उभे असल्यामुळे सकाळी ते सावलीत असतात आणि दुपार सुरू झाल्यावर त्यांच्यावर ऊन येते. आंबेनळी त्याच वेळी चढावा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा या फेरीचा काळ. ऑक्टोबरच्या आरंभी डोंगर हिरवे असतात आणि काही ओढे वाहते असतात, तर डिसेंबरनंतर हवा स्वच्छ होते आणि महाबळेश्वरच्या वाटेवर स्ट्रॉबेरीचे मळे लागतात. पावसाळ्यात या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 22 जुलै 2021 च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, आणि त्याच पावसात आंबेनळी घाटाचा रस्ताही ठिकठिकाणी खचून बंद झाला होता. वरंधा घाट तर पावसाळ्यात किंवा रुंदीकरणाच्या कामासाठी प्रशासनाच्या आदेशाने वारंवार बंद ठेवला जातो. म्हणून कोणत्याही महिन्यात निघण्याच्या आदल्या दिवशी घाट चालू असल्याची खात्री करावी, आणि भोरमध्ये नाश्त्याला थांबल्यावर महाडकडून आलेल्या एखाद्या टेम्पोचालकाला पुन्हा विचारावे. नकाशावर मोकळा दिसणारा रस्ता आणि प्रत्यक्षातला रस्ता यांत या घाटांत अंतर पडू शकते. वार निवडता येत असेल तर मंगळवार ते गुरुवार निवडावा. शनिवारी-रविवारी महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्यामध्ये गाड्यांच्या रांगेतच दुपार सरते.

गाडीच्या तयारीत ब्रेक सर्वांत आधी. पॅड झिजले असतील तर ते बदलूनच निघावे, कारण सपाटीवर जाणवणारही नाही असा दोष लांब उतारावर लगेच उघड होतो. स्टेपनीतील हवा, कुलंटची पातळी आणि वायपर पाहून घ्यावेत, जॅक व पाना गाडीत असल्याची खात्री करावी आणि चाकाचे नट आपल्याच हातांनी ढिले होतात का, हे घरासमोर एकदा करून पाहावे. गॅरेजमध्ये मशीनने आवळलेले नट घाटात हातपान्याने हलत नाहीत, आणि जोर लावायला दुसरा माणूस सोबत नसतो. इंधनाची टाकी भोरमध्ये पूर्ण भरून घ्यावी. घाटात मोबाइलची रेंज बराच वेळ नसते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवावा आणि घरच्या एका व्यक्तीला भोर, महाड, महाबळेश्वर आणि वाई या चार ठिकाणच्या अंदाजे वेळा सांगून ठेवाव्यात. अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचे हेही त्यांना सांगावे. आपत्कालीन मदतीसाठी 112 आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी 1033 हे क्रमांक लक्षात असावेत.

सकाळी सहाला पुणे सोडले की सातारा रस्त्यावरील कापूरहोळ येथून उजवीकडे भोरकडे वळून साडेसातपर्यंत भोरला पोहोचता येते. भोरच्या अलीकडे नीरा नदीने घेतलेले मोठे वळण रस्त्याच्या कडेवरून दिसते. त्या जागेला आता सगळे नेकलेस पॉइंट म्हणतात. भोरनंतर रस्ता नीरा देवघर धरणाच्या जलाशयाच्या सोबतीने बराच काळ चालतो. या टप्प्यावर पाण्याकडे पाहण्याचा मोह सर्वाधिक होतो, आणि रस्त्यावर गुरे, शाळेची मुले आणि दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकलीही याच वेळी असतात. वेग चाळीसच्या आसपास ठेवावा. थांबायचे असल्यास वळणावर थांबू नये. वळण संपून सरळ पट्टा लागल्यावर गाडी साइडपट्टीवर पूर्ण उतरवावी, हँडब्रेक ओढून गियर टाकून ठेवावा आणि चाकामागे दगड लावावा. त्या साइडपट्टीची माती ओली तर नाही ना, हे मात्र चाक उतरवण्यापूर्वी पाहावे.

वरंधा घाटाच्या माथ्याजवळ वाघजाई देवीचे मंदिर आणि चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत. या फेरीतला पहिला मोठा थांबा येथेच घ्यावा. कठड्यापाशी उभे राहिल्यावर खाली शिवथरचे खोरे दिसते, आणि सकाळच्या वेळी ते थोडे धुरकट दिसले तरी त्याची खोली जाणवते. सकाळपासून सोबत असलेल्या नीरेचे पाणी भीमा आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते, तर या कड्यावरून खाली पडणारे पाणी सावित्रीला मिळून अरबी समुद्राकडे जाते. दोन्हीकडचे पाणी विभागणारी ती धार आपण येथे ओलांडलेली असते. माकडांना खायला देऊ नये आणि गाडीच्या काचा बंद ठेवाव्यात. एकट्याने प्रवास करणाऱ्याची पिशवी शेजारच्या आसनावर असते, आणि ती माकडांना बरोबर दिसते.

उतरण्याचा नियम जुना आहे आणि तो पाळावाच: जो घाट ज्या गियरमध्ये चढला असता, त्याच गियरमध्ये तो उतरावा. वरंध्यात हा गियर बहुतेक वेळा दुसरा असतो आणि अवघड वळणांवर पहिला. गाडी न्यूट्रल करून इंधन वाचवण्याचा विचारही मनात आणू नये. दुसऱ्या गियरमध्ये पायाखालचा ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनचा आवाज चढतो, काहीसा कण्हल्यासारखा होतो आणि गाडी स्वतःला धरून ठेवते. नवख्या चालकाला हा आवाज बिघाडाचा वाटतो आणि तो तिसरा गियर टाकतो, तसे करू नये. ब्रेक सतत दाबून ठेवण्याऐवजी वळणापूर्वी ठामपणे दाबून सोडावा, म्हणजे त्याला थंड व्हायला अवधी मिळतो. जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले तर सुरक्षित जागा पाहून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, आणि गरम चाकांवर पाणी ओतू नये. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ‘डी’वर विसंबून न राहता ‘एल’ किंवा मॅन्युअल मोडमध्ये गियर खाली आणून ठेवावा. आंधळ्या वळणापूर्वी हॉर्न द्यावा, काच खाली करून समोरचा हॉर्न ऐकावा, आणि चढून येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. नियमही तोच सांगतो, आणि चढावर थांबलेल्या भरलेल्या ट्रकला पुन्हा उचलणे किती कठीण असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो सांगावा लागत नाही.

अकराच्या सुमारास महाड येते. वेळ असेल तर गाडी मोकळ्या जागी लावून चवदार तळ्यापर्यंत जाऊन यावे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी जेथे सत्याग्रह केला, ते हे तळे भर गावात आहे. समर्थांची शिवथरघळ वाटेत वळून पाहता येते, परंतु तिला एक-दीड तास द्यावा लागतो आणि तो पुढे अंधाराच्या रूपाने वसूल होतो, म्हणून ती वेगळ्या दिवसासाठी राखावी. पुढचे पोलादपूर मुंबई-गोवा महामार्गाने अर्ध्या तासावर आहे. दुपारचे जेवण तेथेच उरकावे, आणि ते हलके असावे. ताटात भात कमी घ्यावा, ताक रात्रीसाठी ठेवावे, आणि जेवणानंतर आसन मागे करून वीस मिनिटे डोळे मिटावेत. दुपारी दीड ते तीन या वेळात एकट्या चालकाला डुलकी लागते आणि ती त्याला कोणी सांगत नाही.

आंबेनळी घाट ब्रिटिश अमदानीत फिट्झगेराल्ड घाट म्हणून ओळखला जाई. पोलादपूरपासून चाळीस किलोमीटरांच्या आत तो सुमारे 1,370 मीटर उंचीवरील महाबळेश्वरला नेऊन पोहोचवतो, म्हणजे कोकणचा उकाडा आणि माथ्यावरचा गारवा एकाच दुपारी अनुभवायला मिळतात. चढताना इंजिन धापा टाकू लागण्यापूर्वीच गियर उतरवावा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी. चढावर थांबून पुन्हा निघताना हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नये, हँडब्रेक वापरावा. क्लचप्लेट जळाली तर या घाटात टोइंगची गाडी यायला संध्याकाळ होते. माथ्याजवळ धुके आले तर हेडलाइट डिपवर ठेवावेत, कारण अपरवरचा प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवण्याची जी सवय पसरली आहे ती चुकीची आहे, कारण मागच्याला आपण वळणार की थांबलो आहोत हेच कळत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत.

वाटेत वाडा कुंभरोशी येथून प्रतापगडाचा फाटा फुटतो. येथे निवड करावी लागते. शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची 10 नोव्हेंबर 1659 ची भेट ज्याच्या पायथ्याशी झाली, तो गड चढून-उतरून पाहायचा तर दीड तास हवा. तेवढाच वेळ क्षेत्र महाबळेश्वरापलीकडच्या आर्थर सीट पॉइंटला लागतो, जेथून सावित्रीचे खोरे थेट पायाखाली दिसते. दोन्ही एका दिवसात बसवू नयेत. मी प्रतापगड सुचवीन, कारण बुरुजावरून जावळीचे रान आणि नुकताच चढून आलेला घाट दोन्ही दिसतात, आणि बसून आखडलेले पायही मोकळे होतात. आर्थर सीट निवडल्यास वाटेवर पंचगंगेच्या मंदिरात थांबता येते. दुपारभर जिच्या काठाने आपण चढलो त्या सावित्रीचा आणि थोड्याच वेळाने वाईत भेटणाऱ्या कृष्णेचा उगम परंपरेने तेथेच मानला जातो. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत मात्र शिरू नये. प्रवासी करासाठी सुटे पैसे हाताशी ठेवावेत आणि सरळ पाचगणीकडे निघावे.

पाचगणी ते वाई हा पसरणी घाट सूर्यास्तापूर्वी उतरलेला असावा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा महाबळेश्वर साडेचारला सोडणे आवश्यक ठरते. रस्ता रुंद आणि चांगला असल्यामुळे येथे वेग नकळत वाढतो, म्हणून वरंध्यातला गियरचा नियम येथेही तसाच लागू करावा. वाईत कृष्णेच्या घाटावर, ढोल्या गणपतीजवळ, चहा घेऊन अर्धा तास बसावे आणि घरी फोन करावा. त्यानंतर सुरूरला महामार्ग लागतो, आणि थकलेल्या चालकासाठी दिवसाचा सर्वांत धोक्याचा भाग खरे तर तोच असतो: वळणे संपलेली, अंधार पडलेला, समोर ट्रकच्या रांगा आणि खंबाटकी ओलांडल्यावरचा उतार. मधल्या मार्गिकेत ऐंशीच्या खाली राहावे आणि शिरवळला एकदा उतरून तोंडावर पाणी मारावे. जांभया वाईतच सुरू झाल्या असतील, तर पुण्याचा आग्रह सोडून वाईतच खोली घ्यावी आणि सकाळी सहाला निघावे. त्या वेळी महामार्ग मोकळा असतो आणि नऊच्या आत कार्यालय गाठता येते.