विधिसंघर्षग्रस्त मुलांच्या कॉलेज शिक्षणासाठी काम करायचंय? अर्ज करण्याआधी एवढं वाचा

मी पुण्यातल्या एका स्वयंसेवी संस्थेत शैक्षणिक समन्वयक आहे. विधिसंघर्षग्रस्त म्हणजे अठरा वर्षांखाली असताना गुन्ह्याचा आरोप झालेली मुलं. ज्यांची केस बाल न्याय मंडळासमोर (अशा मुलांची प्रकरणं ऐकणारं मंडळ) चालली किंवा अजून चालू आहे, जे निरीक्षण गृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ती संस्था) राहून आले, अशा मुलामुलींना दहावी-बारावी पूर्ण करायला लावणं आणि पुढे कॉलेजात टिकवणं हे आमचं काम. नव्या जागा निघाल्या की आलेले अर्ज वाचायलाही मी असते. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करणारी मुलं, शिक्षकी सोडून इकडे येऊ बघणारी मंडळी बरंच काही विचारत असतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बहुतेक अर्जांमध्ये तळमळ भरभरून असते. ती हवीच, त्याशिवाय या कामात कोणी राहत नाही. पण अर्ज वाचताना मी वेगळंच शोधत असते: हा माणूस एका मुलाचा एक कागद तीन कार्यालयांतून फिरवून पूर्ण होईपर्यंत मागे लागेल का? कारण आमच्या मुलांचं शिक्षण बहुतेक वेळा कागदापाशी अडतं.

एक नेहमीचा प्रसंग सांगते. प्रवेशाच्या खिडकीवर मुलगा उभा असतो. दहावीची गुणपत्रिका आहे, बारावीची आहे, पण दोन्हींमध्ये जास्तीची दोन वर्षं आहेत. "मधली वर्षं कुठे होतास?" क्लार्क सहज विचारतो, त्याच्या मनात काही नसतं. मुलाचा चेहरा उतरतो आणि तो कागद गोळा करून निघायला लागतो. त्या क्षणी आपल्याला ठाऊक असावं लागतं की कॉलेजला फक्त गॅपचं प्रतिज्ञापत्र हवं आहे. या काळात दुसऱ्या कुठल्या संस्थेत प्रवेश घेतला नव्हता, घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण खंडित झालं, एवढं खरं-खरं लिहिलं की काम होतं. निरीक्षण गृहाचा उल्लेख करायची गरज नसते. हे आदल्या दिवशीच तयार ठेवलेलं असेल तर तो मुलगा खिडकीवरून परत फिरत नाही.

म्हणून अर्जात असं एखादं काम लिहा, जे तुम्ही स्वतः शेवटपर्यंत नेलं. कुणाला १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसवलं असेल, राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून विषय निवडून दिले असतील, महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला तेव्हा तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला नव्याने काढून दिला असेल, ते सविस्तर लिहा. शेजारच्या काकूंच्या मुलासाठी केलं असेल तरी चालेल. मोठ्या संस्थेतल्या इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रापेक्षा मला ते जास्त सांगतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. वकील असण्याची गरज नाही, पण बाल न्याय अधिनियम, २०१५ मधली काही कलमं वाचूनच मुलाखतीला या. कलम २४ म्हणतं की या कायद्याखाली ज्या मुलाचं प्रकरण हाताळलं गेलं, त्याला दोषसिद्धीमुळे, म्हणजे गुन्हा सिद्ध झाल्यामुळे, येणारी अपात्रता लागू होत नाही. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या आणि बाल न्यायालयात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांसाठी याला अपवाद आहे. तोही ठाऊक हवा, नाहीतर तुम्ही एखाद्या मुलाला खोटा भरवसा द्याल. कलम ७४ ओळख उघड करायला मनाई करतं. प्रकरण चालू असो, बंद झालेलं असो किंवा निकाली निघालेलं असो, चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी त्या नोंदी उघड करायच्या नाहीत, असंही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. नर्सिंगला, सुरक्षारक्षकाच्या नोकरीला किंवा पासपोर्टला जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे कलम किती मोलाचं आहे, ते कामाला लागल्यावर कळतं. संस्था सोडणाऱ्या मुलांसाठी अनुरक्षणाची म्हणजे पुढच्या आधाराची तरतूद २१ वर्षांपर्यंत आहे आणि पदवीची वर्षं नेमकी त्यातच येतात.

मंडळाची रचनाही समजून घ्या: एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांत किमान एक महिला. परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या आणि आजूबाजूच्या परिस्थितीचा अहवाल, मंडळासमोर महत्त्वाचा असतो. आपलं या लोकांशी रोजचं काम पडतं. मंडळाची तारीख आणि कॉलेजची परीक्षा एकाच दिवशी आली, तर मंडळाकडे आधीच अर्ज देऊन ठेवायचा, हॉल तिकिटाची प्रत जोडायची. ऐनवेळी धावपळ केली की मुलाचा एक तरी पेपर बुडतो.

आता सगळ्यात नाजूक भाग. उमेदवार आपला अनुभव सांगण्याच्या भरात मुलाचं नाव, वस्ती, गुन्ह्याचं कलम, सगळं अर्जात लिहून टाकतात. काही जण फोटोही जोडतात. असा अर्ज मी बाजूला ठेवते, कारण ज्याने अर्जात मुलाची ओळख दिली तो उद्या देणगीदारांच्या कार्यक्रमातही देईल. नाव, गाव, शाळा काढून टाका. गुन्हा काय होता हे तर सांगूच नका, शिक्षणाच्या कामाला त्याची क्वचितच गरज लागते.

आमच्याकडे मुलाखतीआधी एक छोटी लेखी चाचणी असते: दिलेल्या प्रसंगावर केस नोंद लिहायची. "मुलगा उद्धट आहे, त्याला शिक्षणात रस नाही," असं लिहिणारे बरेच असतात. ज्यांची निवड होते ते साधारण असं लिहितात: "आज दोन तास वर्गात बसला. शिक्षकांनी फीची पावती मागितल्यावर उठून गेला. आईशी फोनवर बोलणं झालं, दुसरा हप्ता भरलेला नाही." यावरून उद्या काय करायचं ते कळतं. तसं लिहायचा सराव करा, मराठीत आणि इंग्रजीतही. मंडळाशी आणि घरच्यांशी व्यवहार बहुतेक मराठी-हिंदीत होतो, निधी देणाऱ्यांना मात्र इंग्रजी अहवाल लागतो.

तुम्ही स्वतः या यंत्रणेतून गेला असाल, किंवा घरातलं कोणी तुरुंगात होतं म्हणून तुमचं शिक्षण मागे पडलं असेल, तर मनापासून सांगते, जरूर अर्ज करा. ते अर्जात सांगायचं की नाही हा पूर्णपणे तुमचा निर्णय आहे. मुलाखतीत कोणी खोदून विचारलं तर "त्याबद्दल मला बोलायचं नाही" असं शांतपणे सांगा. सांगायचं ठरवलं तर मदत कुठून मिळाली, कुठे अडलं, काय हवं होतं, यावर बोला. ही माहिती आमच्यापैकी अनेकांकडे नसते. मुलाखतीत समोरच्यांना रडवणं हे तुमचं काम नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणाऱ्या संस्थेत राहू नका.

पगाराबद्दल विचारायला लाजू नका. यातल्या बऱ्याच जागा एखाद्या प्रकल्पाच्या निधीवर, वर्षाच्या करारावर असतात. निधी कुठून येतो, करार कधी संपतो, एका कार्यकर्त्याकडे किती मुलं असतात, प्रवासखर्च वेगळा मिळतो का, मुलामुळे मन थकलं तर बोलायला कोणी वरिष्ठ आहे का, हे सगळं विचारा. मुलांची संख्या विचारल्यावर उत्तर टाळलं गेलं, तर मी तरी तिथे रुजू होणार नाही. निधी संपला की कार्यकर्ता जातो आणि मुलाला पुन्हा नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष राहता येईल अशाच जागेसाठी अर्ज करा.

जमलं तर जानेवारी ते मार्चमध्येच अर्ज सुरू करा. निवड, पोलीस पडताळणी आणि बालसंरक्षण धोरणावर सही होईपर्यंत वेळ जातो. मे-जूनमध्ये निकाल लागून प्रवेश सुरू होतात, तेव्हा मुलांची नावं-गावं तुम्हाला आधीच ठाऊक असलेली बरी.